अंधारीत जायचं का? दिवाळीची सुट्टी, हॅलोविन आणि मुलांची भीती

(हा ताज्या भागाचा लिहून काढलेला मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'काय म्हणतात ते' काढून टाकलेत, दोन-चार वाक्यं सरळ केलीत. बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

आजचा भाग दिवाळीच्या सुट्टीवर आहे, पण फराळ आणि खरेदी बाजूला ठेवून. आज बोलायचंय भीतीबद्दल. म्हणजे घरच्यांसोबत, सुट्टीच्या दिवशी, तिकीट काढून घाबरायला जाणं याबद्दल.

विषय आला तो एका मेसेजमुळे. आपल्या छावणीतल्याच एक ताई आहेत, नियमित ऐकतात. नाव सांगत नाही. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं. सोसायटीत ३१ ऑक्टोबरला मुलांसाठी हॅलोविनचा कार्यक्रम ठरलाय. सासरे म्हणतात, हे भुताखेतांचं खूळ आपलं नाही, ऐन सणासुदीत घरात नको. त्यात सुट्टीला पुण्याहून जावेची मुलं येणार आणि सगळ्यांना दौलताबादला जायचंय, किल्ल्यातल्या अंधारीत. ताईंचा मुलगा सात वर्षांचा. रात्री बाथरूमला एकटा जात नाही. त्यांचे मिस्टर म्हणतात, 'एकदा हात धरून ओढत न्यायचा, भीती कायमची जाईल.' ताई विचारतात, खरंच जाते का हो?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात तीन प्रश्न आहेत. हॅलोविन म्हणजे नेमकं काय आणि तो आपल्याला किती परका? माणसाला घाबरायला मजा का येते? आणि त्या पोराला अंधारीत न्यायचं का? एकेक घेऊ. मी डॉक्टर नाही, मानसोपचारतज्ज्ञ नाही. मी कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे एखादी गोष्ट चालते कशी, हे उघडून बघायची सवय आहे, तेवढंच भांडवल.

३१ ऑक्टोबरला असं काय आहे?

आधी तारखेचं बघू. हॅलोविन म्हणजे 'ऑल हॅलोज ईव्ह'. ख्रिस्ती कॅलेंडरमध्ये १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस. संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ म्हणजे ३१ ऑक्टोबर. त्याच्याही आधी आयर्लंड, स्कॉटलंडकडे केल्टिक लोकांचा 'साउइन' नावाचा सण याच सुमारास असायचा. सुगी संपली, थंडीचा काळोखा काळ सुरू झाला, आणि या वेळी जिवंत आणि मेलेल्यांच्या जगातली भिंत पातळ होते, अशी समजूत. दोन्ही गोष्टी शतकानुशतकं एकमेकांत मिसळत गेल्या.

त्या भोपळ्याची गोष्ट तर मजेदार आहे. मुळात भोपळा नव्हताच. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. एकोणिसाव्या शतकात दुष्काळामुळे आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. तिथे लाल भोपळा मुबलक, आकाराने मोठा आणि कोरायला कितीतरी सोपा. मग सलगम गेला, भोपळा आला. म्हणजे ज्याला आपण 'त्यांची परंपरा' म्हणतो, तिनेसुद्धा गाव बदलल्यावर तिथल्या बाजारात जे मिळालं ते उचललंय.

इंग्लंडमध्ये याच आठवड्यात शाळांना मधली सुट्टी असते, 'हाफ टर्म' म्हणतात. माझा आत्तेभाऊ तिकडे असतो. तो सांगतो की त्या आठवड्यात तिथले जुने किल्ले, वाडे, शेतं, प्राणिसंग्रहालयं सगळीकडे कुटुंबांसाठी भुताटकीचे कार्यक्रम असतात. भोपळे तोडायला शेतावर जायचं, कंदील घेऊन संध्याकाळी किल्ल्यात फिरायचं, वगैरे. सुट्टी आहे, पोरं घरात आहेत, त्यांना कुठेतरी न्यायचंय. आता सांगा, हे चित्र ओळखीचं वाटतं की नाही? आपल्याकडे पहिल्या सत्राची परीक्षा संपते, दिवाळीची सुट्टी लागते आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येक घरात एकच वाक्य ऐकू येतं, 'आई, कुठेतरी जाऊ ना.'

आणि आपल्या कॅलेंडरचं काय?

इथे माझ्या आवडीचा भाग येतो. २०२४ साली ३१ ऑक्टोबरला काय होतं आठवतं? गुरुवार होता. हॅलोविन होताच, पण त्याच पहाटे आपण उटणं लावून अभ्यंगस्नान केलं होतं. नरक चतुर्दशी! दुसऱ्या दिवशी, म्हणजे संतांच्या दिवशी, आपलं लक्ष्मीपूजन. आणि मृतात्म्यांच्या दिवशी आपला पाडवा. तिन्ही दिवस एकावर एक बसले होते.

हे दरवर्षी होत नाही, कारण दोन्ही कॅलेंडरं वेगळ्या हिशेबाने चालतात. इंग्रजी कॅलेंडर सूर्याचं, ३६५ दिवसांचं. आपले बारा चांद्र महिने मिळून होतात ३५४ दिवस. म्हणजे दिवाळी दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकते. बघा, २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. असंच चालू राहिलं तर दिवाळी भर पावसाळ्यात येईल. म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना टाकून हिशेब सरळ करतात. २०२६ ला अधिक ज्येष्ठ, म्हणून दिवाळी पुन्हा ८ नोव्हेंबरला. आमच्या भाषेत सांगायचं तर घड्याळ भरकटलं की ते परत 'सिंक' करायचं. आणि दर १९ वर्षांनी दोन्ही कॅलेंडरं जवळपास जुळून येतात. २०२४ मधून १९ वजा करा, २००५. त्या वर्षीही लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरलाच होतं. घरात जुनं कॅलेंडर सापडलं तर पडताळून बघा.

पण तारखेपेक्षा महत्त्वाचं आहे ते आपण या दिवसांत करतो काय. धनत्रयोदशीला संध्याकाळी कणकेचा दिवा लावून त्याचं तोंड दक्षिणेला करतो. कोणासाठी? यमासाठी. घरातल्या कोणाला अपमृत्यू येऊ नये म्हणून. एरवी कोणी चुकून दिव्याचं तोंड दक्षिणेला केलं तर आजी ओरडते. वर्षातून त्या एका संध्याकाळी मुद्दाम करायचं. नरक चतुर्दशीला कोकणात अंगठ्याने कारीट फोडतात, नरकासुर म्हणून. गोव्यात तर पोरं कागदाचे, गवताचे अक्राळविक्राळ नरकासुर रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळतात. बंगालमध्ये त्याच रात्रीला 'भूत चतुर्दशी' म्हणतात, चौदा पूर्वजांसाठी चौदा दिवे लावतात आणि चौदा प्रकारच्या पालेभाज्या खातात.

म्हणजे काळोख वाढायला लागला की मरण, भुतं, राक्षस यांची आठवण काढायची, त्यांना दिवा दाखवायचा आणि मग गोडधोड खायचं, ही गोष्ट काही एका धर्माची किंवा देशाची नाही. मी असं म्हणत नाही की दिवाळी आणि हॅलोविन एकच आहेत. नाहीत. मूळ वेगळं, अर्थ वेगळा. पण ताईंच्या सासऱ्यांना एवढं नक्की सांगता येईल की ऐन सणात यमाचं नाव काढणारे आपण पहिल्यापासून आहोत.

आणि आपल्या छावणीत तर हे शेजारचंच आहे. ही वस्ती ब्रिटिशांच्या लष्करी तळामुळे उभी राहिली. इथे चर्च आहेत, जुनी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. २ नोव्हेंबरला कॅथलिक लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर जातात, ती साफ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, प्रार्थना करतात. शांतपणे. तिथे हाडांच्या सापळ्याचे मुखवटे नसतात. मला वाटतं, मुलांना हॅलोविन समजावून सांगायचा असेल तर बाजारातल्या मुखवट्यापेक्षा ही मेणबत्ती जास्त उपयोगाची. आपण पितृपक्षात पान वाढतो तसं ते मेणबत्ती लावतात, असं सांगितलं की सात वर्षांच्या पोराला लगेच कळतं.

सोसायटीच्या कार्यक्रमाचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे. पोरांना नटू द्या. भोपळा छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून आणा, कोरताना निघालेला गर टाकू नका, त्याचे घारगे करा. आजोबा घारगे खाताना फार वेळ नाराज राहतील असं वाटत नाही.

घाबरायला मजा का येते?

आता दुसरा प्रश्न. नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा भरते. छावणीतल्या प्रत्येकाचं बालपण त्या यात्रेत गेलंय. देवीचं दर्शन झालं की पोरं कुठे धावतात? आकाशपाळण्याकडे. पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो, आपण किंचाळतो आणि खाली उतरल्यावर म्हणतो, 'अजून एकदा!' हे काय गौडबंगाल आहे?

शरीराला धोका वाटला की मेंदूतला एक छोटासा भाग, अमिग्डाला त्याचं नाव, धोक्याची घंटा वाजवतो. ॲड्रेनॅलिन सुटतं, हृदय जोरात धडधडतं, श्वास वाढतो, हातापायांना रक्त जास्त मिळतं. पळायची किंवा लढायची तयारी. हे सगळं तुम्ही विचार करायच्या आत होतं. मग मेंदूचा विचार करणारा भाग मागून येतो आणि बघतो, अरे, हा तर पाळणा आहे, पट्टा लावलाय, शेजारी मामा बसलाय. धोका खोटा ठरतो, पण शरीर अजून तापलेलंच असतं. त्या उरलेल्या ऊर्जेचं मग हसू होतं. अट एकच. 'आपण सुरक्षित आहोत' हा दुसरा निरोप पोचला पाहिजे. तो पोचला नाही तर मजा नाही, नुसती भीती.

यावर डेन्मार्कमध्ये खरोखर संशोधन झालंय. तिथल्या आरहूस विद्यापीठात करमणुकीसाठीच्या भीतीचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळाच आहे. त्यांनी एका भुताच्या घरात गेलेल्या ११० लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले, कुठे किती घाबरलात आणि किती मजा आली ते विचारलं. २०२० साली ते प्रसिद्ध झालं. निष्कर्ष असा की भीती आणि मजा यांचा आलेख उलट्या यू अक्षरासारखा निघतो. भीती अगदीच कमी, तर कंटाळा. भीती फार जास्त, तर त्रास. मधे कुठेतरी एक जागा आहे तिथे सगळ्यात जास्त मजा.

आणि ही मधली जागा प्रत्येकाची वेगळी असते, हा यातला सगळ्यात कामाचा मुद्दा. पुण्याच्या बारा वर्षांच्या भावाला जिथे मजा येते, तिथे सात वर्षांचा पोरगा आलेखाच्या पार पलीकडे उतरलेला असू शकतो. एकाच पाळण्यात, एकाच क्षणी.

गेल्या वर्षी मी शहरातल्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, असंच भुताचं घर बघितलं. झगझगणारे दिवे, कर्कश आवाज, आणि एकदा आत गेलं की शेवटपर्यंत बाहेर पडायला वाट नाही. एक पाच-सहा वर्षांची मुलगी मधेच रडायला लागली. मुखवटा घातलेला माणूस थांबला नाही, उलट त्याला वाटलं आपलं काम झकास चाललंय. तिच्या बाबांनी तिला कडेवर घेऊन गर्दीतून उलटं चालत बाहेर काढलं. यात दोन गोष्टी चुकल्या होत्या. थांबायची खूण नव्हती आणि बाहेरची वाट नव्हती. आमच्याकडे असं सॉफ्टवेअर कोणी बनवलं, ज्यात 'रद्द करा' हे बटणच नाही, तर त्याला रिलीज होऊ देत नाहीत.

अंधारी कशी चालते?

आता येऊ दौलताबादवर. कारण आपल्यापासून तासाभराच्या आत, नगर नाक्यावरून पडेगाव, मिटमिटा, शरणापूर करत गेलं की, जगातल्या कुठल्याही भुताच्या घराला लाजवेल अशी जागा आहे. फरक एवढाच की ती करमणुकीसाठी नाही, माणसं मारण्यासाठी बनवली होती. हे मुलांना आधी सांगा. त्यांना फार आवडतं.

देवगिरी ही यादवांची राजधानी. पुढे १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि दौलताबाद नाव दिलं. डोंगर शंकूसारखा. त्याचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून सरळ उभी भिंत केलीय, पाल सोडून काही चढू शकणार नाही अशी. त्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक. खंदक ओलांडायचा तर एकच अरुंद वाट, आणि ती वाट ज्या भुयारात शिरते ती अंधारी.

आता यातली युक्ती बघा. शत्रू येतो तो बाहेरच्या लख्ख उन्हातून. आपल्या डोळ्यांना उजेडातून अंधारात गेल्यावर सरावायला वेळ लागतो. पहिल्या दहा-एक मिनिटांत थोडंफार दिसायला लागतं, पण पूर्ण सराव व्हायला वीस ते तीस मिनिटं जातात. म्हणजे आत शिरणारा सैनिक जवळजवळ आंधळा असतो. आणि आतला पहारेकरी? तो तासन् तास अंधारातच बसलेला, त्याचे डोळे तयार. त्यात पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत. आपले पाय दोन-तीन पायऱ्यांत अंदाज बांधतात आणि पुढचं पाऊल न बघता टाकतात. इथे तो अंदाज दर वेळी फसतो. वाट सरळ नाही, वळणं घेते, त्यामुळे किती आलो आणि किती राहिलं हे कळत नाही. आणि वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण होतं. त्यावर आग पेटवली की वाट बंद, उष्णता आणि धूर सगळा भुयारात. गाईड अजून बऱ्याच गोष्टी सांगतात, उकळतं तेल, खंदकात पाडणारी खोटी वळणं. ऐकायला भारी असतात, ऐका.

गंमत म्हणजे एवढी जय्यत तयारी असूनही किल्ला गेलाच. १६३३ मध्ये मुघलांच्या महाबतखानाने कित्येक महिने वेढा दिला, आतलं धान्य संपलं आणि किल्ला हाती आला. अंधारीशी झुंजायची गरजच पडली नाही. मोठ्या मुलांना हा मुद्दा जरूर सांगा. सगळी सुरक्षा एका दारावर लावली की शत्रू दुसरं काहीतरी शोधतो. आमच्या क्षेत्रात तर हे रोज बघतो.

मग त्या पोराला न्यायचं का?

आता ताईंच्या खऱ्या प्रश्नावर. ओढत नेल्याने भीती जाते का?

नाही. बहुतेक वेळा उलटं होतं. वर मी म्हणालो तो दुसरा निरोप आठवा, 'आपण सुरक्षित आहोत' हा. मूल रडतंय, बाबा हात सोडत नाहीत, थांबायला कोणी तयार नाही. मेंदू काय शिकतो? अंधार वाईट असतो, आणि अंधारात माझं कोणी ऐकत नाही. म्हणजे आधी एक भीती होती, आता दोन झाल्या. दादांचा हेतू चांगलाच आहे, त्यात शंका नाही. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांना असंच विहिरीत ढकलून पोहायला शिकवलंय. काही शिकले. पण जे त्या दिवसानंतर पाण्याजवळ फिरकलेच नाहीत, ते कधी किस्से सांगायला येत नाहीत, म्हणून ती पद्धत यशस्वी वाटते.

भीती कमी होते ती पायरी-पायरीने आणि मुलाच्या हातात लगाम देऊन. माझा भाचा आठ वर्षांचा असताना आम्ही दौलताबादला गेलो होतो. अंधारीच्या तोंडाशी वटवाघळांचा वास आला आणि तो थबकला. 'मामा, मी नाही येत.' माझ्या ताईने फक्त एवढंच म्हटलं, 'बरं. मग तू आणि मामा बाहेरच्या पायऱ्यांनी या, आम्ही वर भेटतो.' कारण अंधारी टाळून वर जायला बाहेरून पायऱ्यांची वाट आहे. वर पोचल्यावर आम्ही भुयाराच्या वरच्या तोंडाशी थांबलो. आतून एकेक माणूस डोळे चोळत बाहेर येत होता. कोणी हसत होतं, एक आजीबाई नऊवारी सावरत आल्या. तो मोजत बसला. सोळा माणसं आत गेलेली, सोळाच्या सोळा बाहेर आली. उतरताना तो म्हणाला, 'दहा पायऱ्या आत जाऊन येऊ, पण टॉर्च माझ्याकडे.' आम्ही गेलो, त्याने दहा मोजल्या आणि परत फिरलो. बस्स. त्या दिवशी तेवढंच. त्याने पूर्ण अंधारी पार केली नाही, आणि कोणी त्याला भित्रा म्हटलं नाही. घरी गेल्यावर मात्र त्याने सगळ्यांना सांगितलं की तो अंधारीत जाऊन आला. खोटं नव्हतं ते.

म्हणून ताई, माझं उत्तर असं. न्या त्याला दौलताबादला, नक्की न्या. अंधारीत जायचं की नाही हे त्याला तिथे पोचल्यावर ठरवू द्या. आणि निघण्याआधी घरात या गोष्टी ठरवा.

एक, थांबायचा शब्द. 'लाडू' म्हणा, काहीही म्हणा. तो शब्द आला की सगळे मागे फिरतील, कारण विचारायचं नाही. आणि एकदा तरी खोटंखोटं वापरून दाखवा, म्हणजे त्याला विश्वास बसेल.

दोन, टॉर्च त्याच्या हातात. पण छताकडे मारायचा नाही, पायाखाली. वर वटवाघळं असतात, त्यांचं ते घर आहे. उजेड, आरडाओरडा झाला की ती उडतात आणि मग मोठी माणसंही घाबरतात. मोबाईलचा फ्लॅश नको.

तीन, मोठ्या भावंडांना आधीच ताकीद. आत कोणी मागून 'भॉ' करायचं नाही. ओल्या, उंचसखल पायरीवर दचकून पडलं तर पाय मोडेल.

चार, चांगले बूट. पावसाळा नुकताच संपलेला असतो, दगड शेवाळलेला असू शकतो. आत वास आणि कोंदटपणा असतो, त्यामुळे कोणाला दमा असेल तर बाहेरच्या वाटेनेच जा.

पाच, सकाळी लवकर निघा. सुट्टीत त्या रस्त्यावरच्या जुन्या दरवाजात गाड्यांची कोंडी होते आणि भर दुपारी चढताना मुलं वैतागतात. तिकिटाच्या खिडकीवरच विचारून घ्या, अंधारी आणि बाहेरची वाट दोन्ही उघड्या आहेत ना. परतताना रस्त्यावर सीताफळं घ्यायला विसरू नका, तो हंगामच असतो.

ज्यांना भुयार नकोच, पण थोडा थरार हवाय, त्यांनी पुढे वेरूळला जा. मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा. सगळे कैलास बघून परत फिरतात. तुम्ही २१ नंबरचं लेणं बघा, रामेश्वर. तिथे सप्तमातृकांच्या कोनाड्यात हाडांचे सापळे कोरलेत, सहाव्या शतकातले. बरगड्या मोजता येतात. मुलांना सांगा, हॅलोविनचा सापळा बघायचाय ना, हा घ्या, चौदाशे वर्षं जुना. दिवसाउजेडी, आईचा हात धरून, दगडातलं मरण बघायचं. अंधाराला घाबरणाऱ्या मुलासाठी सुरुवात म्हणून ही जागा अंधारीपेक्षाही चांगली.

आणि रात्रीच्या बाथरूमचं? त्यालाही तीच पद्धत. आधी दिवा लावून दारापर्यंत सोबत, मग अर्ध्या वाटेवर आपण थांबायचं, मग खोलीतून नुसता आवाज द्यायचा. घाई नको. भीतीमुळे मुलाची झोप किंवा शाळा बिघडायला लागली असेल, तर मात्र सहलीचे प्रयोग बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांशी बोला.

दादांसाठी एक वेगळं काम सुचवतो. तुम्ही लहानपणी कशाला घाबरायचात, हे त्याला गाडीत सांगा. खरं सांगा. बाबाला पण भीती वाटायची हे ऐकलं की पोराच्या चेहऱ्यावर काय फरक पडतो ते बघा, आणि मला कळवा.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरात दिवाळीच्या सुट्टीत घाबरायला कुठे जातात, किल्ला, गावाकडचा वाडा, आजोळची विहीर, ते लिहून पाठवा. निवडक पत्रं पुढच्या भागात वाचू. पुढचा भाग फटाक्यांवर आहे, हिरवा रंग आणि लाल रंग नेमका कुठून येतो त्यावर. सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. भेटू.